अर्धवेळ काम आणि सम्यक आजीविका



चाळिशी गाठलेला एखादा माणूस दिवसाचे तीन-चार तास काम करतो आणि उरलेल्या वेळात पूर्ण वेळेच्या नोकरीसाठी अर्ज करीत राहतो. त्याला आपण काय म्हणावे? बेकार म्हणावे, तर तो काम करतो. नोकरदार म्हणावे, तर त्या कमाईत घर चालत नाही. सरकारी कागदांत त्याच्यासाठी अर्धवेळ, हंगामी, मानधनावर, तासिका तत्त्वावर, कंत्राटी असे अनेक शब्द आहेत. वस्तीत मात्र एकच वाक्य आहे: "अजून काही जमलं नाही वाटतं याचं!" बोलणारा हे सहज बोलून जातो. ज्याला ते ऐकावे लागते, त्याला त्या रात्री झोप येत नाही.

मी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. दरवर्षी जून महिन्यात मुलांकडून माहितीचे फॉर्म भरून घ्यावे लागतात. त्यात 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. शेतमजुराचा मुलगा 'मजुरी' असे लिहितो. रिक्षावाल्याचा मुलगा 'रिक्षा' लिहितो. रकाना कोरा ठेवतो तो बहुधा शिकलेल्या बापाचा मुलगा. बाप एम. ए. झालेला असतो, सकाळी एका महाविद्यालयात दोन तास शिकवतो, संध्याकाळी एखाद्या दुकानाचे हिशेब लिहितो. मुलाला प्रश्न पडतो की यातले काय लिहावे? विचारले तर तो खाली मान घालून म्हणतो, "सर, नोकरी शोधत आहेत." बारा वर्षांच्या मुलाच्या खाली गेलेल्या मानेने जो प्रश्न विचारला आहे, त्याचे उत्तर धम्माच्या आधारे शोधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न पोटाचा आहे तसाच तो नीतीचाही आहे. त्याचे तीन भाग पडतात. या माणसाच्या स्थितीला जबाबदार कोण? त्याने आहे त्यात समाधान मानावे, की शोध चालू ठेवावा? आणि आपण, म्हणजे त्याच्या घरच्यांनी व समाजाने, त्याच्याशी कसे वागावे?

हे कोणाचे कर्म?

ज्या घरात कर्त्या माणसाची नोकरी लागत नाही, त्या घरात एक दिवस 'साडेसाती' हा शब्द येतोच. कोणी शेजारीण सांगते, शनिवार धरा. कोणी मामा सांगतो, अमक्या ज्योतिषाकडे पत्रिका दाखवा, खड्याची अंगठी घाला. धम्मदीक्षा घेऊन थोडीच वर्षे झालेल्या घरांत हा मोह मोठा असतो. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असतात, परंतु संकट आले की मन जुन्या पायवाटेने चालू लागते. यात त्या माणसांना हिणवण्यासारखे काही नाही. घाबरलेला माणूस ओळखीची वाट धरतो. म्हणूनच ती वाट कोठे जाते, हे त्याला शांतपणे दाखविले पाहिजे.

ती वाट एकाच ठिकाणी जाते. 'तुझ्या नशिबात नव्हते,' 'मागच्या जन्मीचे काही असेल,' असे म्हटले की प्रश्न तेथेच संपतो. मग जागा का निघाल्या नाहीत, हे कोणी विचारायचे नाही. निघाल्या त्या कोणाला मिळाल्या, हेही विचारायचे नाही. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या, १९५७ साली त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या या सिद्धान्तावर नेमके हेच बोट ठेवले आहे. माणसाच्या आजच्या दैन्याचे कारण गतजन्मात ढकलले, की राज्य आणि समाज दोघेही जबाबदारीतून मोकळे होतात. करुणेने भरलेल्या तथागतांनी असा सिद्धान्त सांगितला असेल, हे बाबासाहेबांना मान्यच नव्हते.

आता नशीब बाजूला ठेवून साधे गणित करू. महाराष्ट्रात २०१२ साली शासनाने शिक्षकभरती थांबविली. २०१७ साली 'पवित्र' नावाची संगणकीय भरतीपद्धत आणली गेली आणि तिच्यातून पहिली मोठी जाहिरात निघाली ती २०१९ साली. जो तरुण २०१२ साली बी. एड. होऊन तीस वर्षांचा होता, तो या जाहिरातीच्या वेळी सदतीस वर्षांचा झाला. राज्याच्या सेवेत शिरण्याची वयोमर्यादा २०१६ साली वाढविण्यात आली. खुल्या वर्गासाठी ती ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे झाली. मर्यादा वाढली हे चांगलेच झाले. परंतु मधल्या सात वर्षांत वयही वाढतच होते, ते काही भरतीप्रमाणे थांबविता आले नाही. या सात वर्षांत शनीचा संबंध कोठे येतो? हा शासननिर्णयांचा, पैशाच्या तरतुदीचा आणि रिकाम्या ठेवलेल्या जागांचा हिशेब आहे. त्याची तारीख सांगता येते, सही कोणाची हेही शोधता येते. ज्या दुःखाचे कारण सांगता येते, त्याचे निवारणही करता येते. दुःख आहे, त्याला कारण आहे आणि ते नाहीसे करता येते, हेच तर धम्माचे पहिले धडे आहेत.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीनेही हे पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांत संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. त्यानंतर पुष्कळांना गिरणीचा दरवाजा पुन्हा कधी उघडला नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची कसबी माणसे अर्धा दिवस पहारेकरी झाली, अर्धा दिवस भाजी विकू लागली, आणि 'गिरणी सुरू होणार' या बातमीची वाट पाहत राहिली. त्यांच्या हातातले कसब एका रात्रीत नाहीसे झाले होते काय? हात तेच होते, यंत्रे बंद पडली होती.

बाबासाहेबांची अर्धवेळ नोकरी

अर्धवेळ काम करणे ही मानहानी आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी बाबासाहेबांच्या चरित्राची काही पाने पुन्हा वाचावीत. परदेशात शिकून १९१७ साली ते परतले आणि बडोद्यास नोकरीवर हजर झाले. तेथे राहायला जागा मिळेना आणि कचेरीत माणुसकी मिळेना, म्हणून ती नोकरी सोडून त्यांना मुंबईस यावे लागले. मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या. गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय काढला, तोही सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाल्यामुळे बुडाला. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाची जागा मिळाली आणि १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी तीही त्यांनी सोडली.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १९२३ साली ते बॅरिस्टर होऊन परतले आणि त्यांनी वकिली सुरू केली. अस्पृश्य वकिलाकडे पक्षकार येणार किती? तेव्हा जून १९२५ पासून मार्च १९२८ पर्यंत त्यांनी मुंबईच्या बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी शिकविणाऱ्या संस्थेत व्यापारी कायद्याचे अर्धवेळ अध्यापन केले. या तारखा नीट ध्यानात घ्या. १९ व २० मार्च १९२७ ला महाडची परिषद झाली आणि चवदार तळ्याचे पाणी आपल्या लोकांनी प्राशन केले. ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' निघाले. २५ डिसेंबर १९२७ ला महाड येथेच मनुस्मृतीचे दहन झाले. हे सर्व ज्या माणसाच्या नेतृत्वाने घडले, तो त्या वेळी परळच्या चाळीतील दोन खोल्यांत राहणारा, वयाच्या पस्तिशी-छत्तिशीतला, एका खाजगी संस्थेतला अर्धवेळ शिक्षक होता.

बाबासाहेब आणि आजचा बेकार पदवीधर यांची बरोबरी मी करीत नाही. बाबासाहेबांनी चळवळीसाठी स्वतंत्र राहता यावे म्हणून वकिली पत्करली होती, आणि वकिलीचा जम बसेपर्यंत घर चालावे म्हणून ते शिकवीत होते. आजचा माणूस अर्धवेळ काम करतो, कारण त्याला दुसरे काही मिळत नाही. दोघांची कारणे निराळी आहेत. परंतु एक गोष्ट यातून सिद्ध होते. माणसाला पगार किती तासांचा मिळतो, यावरून तो किती पुरा माणूस आहे हे ठरत नाही. १९२७ साली कोणी बाबासाहेबांच्या मुलाच्या शाळेच्या रकान्यात 'अर्धवेळ शिक्षक' असे लिहिले असते, तर ते खरेच ठरले असते, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काहीच नव्हते.

माणसाची किंमत त्याच्या जागेवरून करण्याची सवय आपल्याला कोठून लागली, याचाही विचार करा. जातिव्यवस्था हेच करीत होती. अमक्या जागी जन्मला म्हणून अमक्या लायकीचा, असे ती म्हणे. ती आपण सोडली. आता अमक्या पगाराच्या श्रेणीत आहे म्हणून अमक्या मानाचा, असे आपण म्हणू लागलो, तर पायऱ्या मोडल्या नाहीत, फक्त त्यांची नावे बदलली, असे होईल.

समाधान कशात, असमाधान कशात

यावर कोणी म्हणेल, "मग आहे त्यातच सुखाने राहावे. तथागतांनी तृष्णा सोडायला सांगितलेच आहे." हा उपदेश आपल्या विहारांतूनही कधी कधी ऐकू येतो. तो तपासून घेतला पाहिजे, कारण तो देणारा बहुधा पूर्ण पगारावर असतो.

तथागतांनी भिक्खूंना अन्न, वस्त्र, निवारा यांबाबत थोडक्यात समाधान मानण्यास सांगितले, हे खरे. परंतु उपासकाला त्यांनी काय सांगितले? अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाच्या कोलियाची कथा आहे. तो येऊन सरळ म्हणतो की आम्ही संसारी माणसे, पोरांबाळांच्या गर्दीत झोपणारी; आमच्या हिताचा धम्म सांगा. तेव्हा तथागत त्याला चार गोष्टी सांगतात. पहिली, आपल्या कामात उद्योगी आणि निपुण असणे. दुसरी, कष्टाने व न्यायाने मिळविलेल्याचे रक्षण करणे. तिसरी, चांगल्या मित्रांची संगत. चौथी, मिळकत आणि खर्च यांचा तराजू हातात धरून समतोल जगणे. या चौघांत पहिले स्थान उद्योगाला आहे. हातपाय गाळून बसा, असे त्यात कोठेही नाही. अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. न्यायाने मिळविलेले धन असणे, त्याचा उपभोग घेणे, कर्ज नसणे आणि आचरण निर्दोष असणे, ही ती चार. दारिद्र्याला त्यांनी गृहस्थाचे भूषण कधी म्हटले नाही.

म्हणून समाधान आणि असमाधान यांच्या जागा ठरवून घ्याव्यात. खर्चात समाधान असावे. शेजाऱ्याने मोठा टीव्ही घेतला म्हणून आपणही हप्त्यावर घ्यावा, मुलीच्या लग्नात मंडप मोठा दिसावा म्हणून व्याजाने पैसे काढावेत, येथे तृष्णा सोडली पाहिजे. अर्धवेळ मिळकतीच्या घराला कर्जासारखा शत्रू नाही. परंतु ज्ञानात, कौशल्यात आणि न्यायात समाधान मानू नये. चांगल्या कर्मांबाबत 'आता पुरे' असे कधी म्हणू नये, प्रयत्नात खंड पडू देऊ नये, ही तथागतांचीच शिकवण आहे. पूर्ण काम मागणे, पूर्ण कामाचे पूर्ण वेतन मागणे, ही तृष्णा नव्हे. भारतीय संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाच्या हक्काची आणि ४३ व्या अनुच्छेदात निर्वाहापुरत्या वेतनाची तरतूद करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. ही तत्त्वे न्यायालयात दाद मागून मिळविता येत नाहीत, तरी राज्यकारभाराला ती मूलभूत आहेत, असे संविधानच म्हणते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली पंजाबमधील हंगामी कर्मचाऱ्यांच्या खटल्यात, तेच काम करणाऱ्याला तेच वेतन द्यावे, कमी देणे हे शोषण आहे, असा निर्वाळा दिला. तेव्हा मागणारा लोभी नाही. न देणाऱ्याकडे काही बाकी आहे.

शोध चालू ठेवणे याचा अर्थ दररोज जळत राहणे असाही नाही. आठवड्यातून ठरावीक दिवस अर्ज, चौकशी आणि अभ्यास यांसाठी राखावेत आणि ते काम निष्ठेने करावे. निकाल आपल्या हातात नाही, प्रयत्न आहे. एक जागा गेली म्हणजे आपण गेलो नाही. चित्ताला हे शिकविण्यासाठी सकाळी थोडा वेळ आनापान करावे. आनापानाने नोकरी मिळत नाही. परंतु नकाराचे पत्र आल्यावर मुलांवर हात उगारण्यापूर्वी एक श्वास थांबण्याचे बळ त्याने येते.

कोणते काम, आणि कोणत्या मार्गाने?

अडचणीतल्या माणसापुढे खरी परीक्षा येथे येते. तथागतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. आता समजा, एखाद्या पदवीधराला परमिट रूममध्ये संध्याकाळी हिशेब लिहिण्याचे काम मिळते आहे. पैसे बरे आहेत. घरी दोन मुले शिकत आहेत. त्याने काय करावे? दुसरे काही मिळत असेल, तर ते धरावे, मग ते झाडलोटीचे का असेना. झाडू मारल्याने कोणी हीन होत नाही. सुनीत हा सफाई करणारा होता आणि तथागतांनी त्याला संघात घेतले. दुसरे काहीच मिळत नसेल, तर पोरे उपाशी ठेवून प्रतिज्ञा पाळ, असे सांगण्याचा अधिकार मला तरी नाही. पण त्याने ते काम 'काय हरकत आहे' म्हणून स्वीकारू नये. ते सुटले पाहिजे ही खूण मनाशी ठेवून करावे आणि त्या दुकानाचा पेला घरात येऊ देऊ नये. त्याला त्या कामातून बाहेर काढण्याचा भार मात्र त्याच्या एकट्यावर नाही. तो आपल्या सर्वांवर आहे.

दुसरी परीक्षा याहून कठीण आहे. काही खाजगी संस्थांत जागेसाठी देणगी मागतात. लाखांचे आकडे असतात. घरची दोन एकर जमीन, बायकोचे मणी, बहिणीकडून उसने, असे करून लोक देतात. काही ठिकाणी तर पूर्ण पगारावर सही घेतात आणि हातात अर्धाच ठेवतात. ही सही करणाऱ्याला माहीत असते की आपण खोटे लिहीत आहोत. चौथ्या शीलाचा भंग त्याच्या हातून होतो, परंतु दुसऱ्या शीलाचा, म्हणजे चोरीचा, भंग त्या खुर्चीत बसलेला करतो. दोन्ही दोष सारखे नाहीत. भीतीने केलेले आणि लोभाने केलेले यांतला फरक धम्म जाणतो, कारण तो कृतीबरोबर हेतूही पाहतो.

तरीही माझे स्पष्ट मत आहे की देणगी देऊन जागा घेऊ नये. नीतीचे कारण तर आहेच. व्यवहाराचेही आहे. जो शिक्षक जागा विकत घेतो, त्याच्याकडून वर्गात कोणती गोष्ट शिकवली जाणार? गुणवत्ता आणि समान संधी यांच्या नावाने आपण भांडतो, आणि ती संधी विकत घेणाऱ्यांच्या रांगेत उभे राहतो. त्या रांगेत ज्याच्याजवळ जमीन नाही, तो आपलाच दुसरा भाऊ बाहेर राहतो. जमीन गेली, जागा मंजूर झाली नाही आणि पैसेही परत आले नाहीत, अशी घरे आपल्यांत आहेत. ज्याने आधीच दिले आहे, त्याला मी दोष देणार नाही. पण ज्याने अजून दिलेले नाही, त्याने घरात बसून बायकोशी आणि मोठ्या मुलांशी मोकळेपणाने बोलल्याखेरीज एक रुपयाही देऊ नये.

घरच्यांचे कर्तव्य

बहुतेक घरांत अर्धवेळ नवऱ्याची बायको पूर्ण वेळ काम करते, आणि मग घरी येऊन दुसरी पाळी सुरू करते. दुपारी दोन वाजता मोकळा झालेला नवरा मात्र संध्याकाळी चहाची वाट पाहत बसतो. कारण विचाराल तर पोळी लाटणे त्याच्या मानाला शोभत नाही. नोकरी नाही म्हणून मान गेला असे ज्याला वाटते, तो उरलेला मान चुलीपाशी जपून ठेवतो! हा मान धम्मातला नाही. तो मनुस्मृतीतला आहे, आणि ती आपण महाडला जाळली. अर्धा दिवस हाती असेल, तर पाणी भरावे, भाजी निवडावी, मुलांचा अभ्यास घ्यावा. माझ्या वर्गातला अनुभव सांगतो. ज्या मुलांचे बाप दररोज तासभर त्यांच्याजवळ बसतात, ती मुले वेगळी ओळखू येतात. तो बाप पूर्ण पगाराचा आहे की अर्ध्या, हे वहीवर कोठे दिसत नाही.

घरच्यांनीही काही पथ्ये पाळावीत. दररोज संध्याकाळी 'काही कळलं का?' हा प्रश्न विचारू नये. कळले असते तर त्याने उंबऱ्यातूनच ओरडून सांगितले असते. मिळकत किती आणि खर्च किती, हे मुलांपासून लपवू नये. लपवलेली गरिबी मुलांना लाज शिकविते, सांगितलेली गरिबी त्यांना हिशेब शिकविते. भावाने भावाच्या नोकरीशी तुलना करू नये. आणि 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात काय लिहायचे, हे बापानेच मुलाला सांगावे. 'अर्धवेळ प्राध्यापक' किंवा 'हिशेबनीस', जे खरे असेल ते लिहायला लावावे. सम्यक वाचेची सुरुवात त्या रकान्यापासून करता येईल.

समाजाचे कर्तव्य

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी गावच्या एका गरीब शेतकऱ्याची गोष्ट आहे. तथागतांचे प्रवचन होते. हा निघाला, तर बैल हरवला. बैल शोधता शोधता दुपार झाली आणि उपाशीपोटीच तो धावत सभेला पोचला. तथागतांनी सर्वांना थांबवून ठेवले होते. त्यांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले, आणि त्याचे पोट भरल्यावर उपदेशाला आरंभ केला. भुकेल्याला धम्म कळत नाही, हे ते जाणत होते. त्याचबरोबर, शोधात उशीर झाला म्हणून त्या माणसाला मागे सारावे, असेही त्यांना वाटले नाही.

आपल्या विहारांत आज असे बैल शोधणारे पुष्कळ लोक येत नाहीत. का येत नाहीत? वर्गणीची यादी मोठ्याने वाचली जाते म्हणून येत नाहीत. सत्कार होतात ते मोठ्या हुद्द्यांचे होतात म्हणून येत नाहीत. आपल्यातला जो पूर्ण वेळेच्या जागेवर पोचला आहे, त्याने हे ध्यानात ठेवावे की त्याच्या मागे एक चळवळ होती. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामाचे तास आठवर आणण्याच्या कायद्याची वाट त्याच काळात मोकळी झाली. ज्याला आज 'पूर्ण वेळ' म्हणतात, ती वेळसुद्धा कोणीतरी मिळवून दिलेली आहे. तिच्यावर आपला एकट्याचा हक्क नाही.

करायचे काय? प्रत्येक विहारात एक फळा असावा, त्यावर जाहिराती आणि शेवटच्या तारखा लिहाव्यात. ज्यांना संगणकावर अर्ज भरता येत नाही, त्यांचे अर्ज रविवारी तरुणांनी भरून द्यावेत. चाळिशीच्या माणसाला पुन्हा पुस्तक उघडायला लाज वाटते, म्हणून त्यांचा अभ्यासवर्ग वेगळा घ्यावा. अर्धवेळ शिकविणाऱ्यांनी संघटित व्हावे. सुट्टीतले पैसे, प्रसूतीची रजा, वेळेवर मिळणारे मानधन या मागण्या एकट्याने मागितल्या तर दुसऱ्या वर्षी नाव गळते, शंभरांनी मागितल्या तर गळत नाही.

आणि जे आपलेच बांधव शाळा, वर्ग, पतपेढ्या, दुकाने चालवितात, त्यांना एक विनंती आहे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. कामकऱ्याला शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, चांगलेचुंगले त्याच्याबरोबर वाटून खावे, वेळच्या वेळी सुट्टी द्यावी. संस्थेच्या दारावर बाबासाहेबांची तसबीर असेल आणि आत अर्ध्या पगारावर पूर्ण काम करून घेतले जात असेल, तर ती तसबीर कोणाकडे पाहत असेल, याचा विचार त्यांनी एकदा एकांतात करावा.

जो आज अर्धवेळ काम करून पूर्ण कामाच्या शोधात आहे, त्याला शेवटी एवढेच सांगायचे आहे. बंधो, तुझे काम अर्धे असेल, तुझे शील अर्धे नाही, तुझी बुद्धी अर्धी नाही, तुझे नागरिकत्व अर्धे नाही. जे काम हाती आहे ते नीट कर. जे मिळायला हवे ते मागत राहा. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच दिवशी करायच्या आहेत, आणि त्यांत विरोध नाही. ग्रह तुझ्या वाटेत नाहीत. वाटेत माणसांनी घातलेले अडथळे आहेत आणि ते माणसांनाच दूर करता येतील. त्या कामात आम्ही तुझ्याबरोबर आहोत, हे केवळ लिहून भागणार नाही. येत्या रविवारी विहारात फळा लावून ते दाखवू या.

जय भीम!